टायर बघून नव्हे, वाचून घ्या!

मेसमध्ये सलग चौथ्या दिवशी फ्लॉवर-बटाटा आला की आपण सगळे मेसवाल्यांच्या नावाने खडे फोडतो. पण पावसाळ्यात एक दिवस असा उजाडला की भाजीच आली नाही. नुसती डाळ, भात आणि पापड. चौकशी केली तेव्हा कळलं की ओतूरहून माळशेज घाटमार्गे माल आणणाऱ्या काकांच्या पिकअपचा मागचा टायर टोकावड्याजवळ फुटला. काका सुखरूप होते, पण अर्धा टोमॅटो रस्त्यावर गेला आणि बाजाराची वेळ टळली ती टळलीच.

दुसऱ्या दिवशी काका फुटका टायर गाडीत टाकून आले. "दोन महिन्यांचा टायर! बघा, खाचा किती खोल आहेत. दुकानदार म्हणाला ऑल-टेरेन आहे, दगडावरून न्या, काही होत नाही. कंपनीच बोगस!" खाचा खरंच खोल होत्या. पण टायर आडवा पाडून बाजूची अक्षरं वाचली तेव्हा उत्तर तिथेच सापडलं. टायर बोगस नव्हता. तो माणसं नेणाऱ्या जीपगाडीचा होता आणि काकांनी तो माल नेणाऱ्या पिकअपला लावला होता.

मित्रांनो, आपण मेकॅनिकलवाले थर्मोडायनॅमिक्सचे पेपर लिहितो, पण टायरवर छापलेली एक ओळ वाचायला आपल्याला कुणी शिकवत नाही. हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. सांगायचं एवढंच, की टिकाऊ टायर निवडताना आधी वजन बघावं, मग रस्ता, मग हवा. खाचांची नक्षी सगळ्यात शेवटी.

१. ती ओळ कशी वाचायची?

काकांच्या टायरवर होतं : पी २१५/७५ आर १५ १०० एस.

सुरुवातीचा 'पी' म्हणजे पॅसेंजर, प्रवासी गाडीचा टायर. हलक्या मालवाहू गाडीच्या टायरवर 'एलटी' असतं, म्हणजे लाइट ट्रक. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा व्यास, इंचात. शेवटचं 'एस' हे वेगाचं चिन्ह, ताशी १८० किलोमीटरपर्यंत. आपल्या शिळफाट्यावर त्याची परीक्षा होण्याची शक्यता शून्य!

राहिला १०० हा आकडा. सगळी गोम इथे आहे. हा लोड इंडेक्स. तो किलो नव्हे, तक्त्यातला क्रमांक आहे. थोडा तक्ता पाठच करून टाका : १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १०००, ११० म्हणजे १०६०, ११२ म्हणजे ११२० किलो. हे वजन एका टायरचं. एलटी टायरवर कधी ११०/१०७ असे दोन आकडे दिसतात. त्यातला पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी.

'८ पीआर', '१० पीआर' असंही लिहिलेलं असतं. याचा अर्थ आत आठ किंवा दहा थर आहेत असा नाही. टायरमध्ये सुती कापडाचे थर असत त्या काळचं हे माप आहे. आज तो फक्त ताकदीचा दर्जा उरला आहे. आकडा मोठा म्हणजे टायर जास्त दाबाची हवा आणि जास्त वजन पेलू शकतो.

२. वजनाचा हिशेब

समजा, भरलेल्या पिकअपचं एकूण वजन २९०० किलो आहे आणि त्यातलं १९०० किलो मागच्या अॅक्सलवर येतं. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर ९५० किलो. काकांचा टायर ८०० किलोचा. एका टायरमागे दीडशे किलो जास्त, आणि तेही गाडी नियमात भरलेली असताना! लोड इंडेक्स १०६ घेतला तर टायर जेमतेम काठावर. १०८ घेतला तर पन्नास किलो हाताशी राहतात.

आता घाट. सपाटीवर जे वजन पुढे असतं त्यातलं थोडं चढावर मागे सरकतं. सूत्र सोपं आहे : सरकणारं वजन = एकूण वजन × चढ × (गुरुत्वमध्याची उंची ÷ दोन अॅक्सलमधलं अंतर). चढ ८ टक्के, उंची १ मीटर आणि अंतर ३ मीटर धरा. २९०० × ०.०८ × १/३ म्हणजे सुमारे ७७ किलो. मागच्या प्रत्येक टायरवर आणखी ३८-३९ किलो. १०८ वाल्या टायरची पन्नास किलोंची शिल्लक इथेच जवळजवळ संपली. म्हणून घाटातल्या गाडीला मी ११० किंवा ११२ घ्या म्हणेन.

आणि ओव्हरलोड? "पाच क्विंटल जास्त टाकले तर काय बिघडतं?" असं सर्रास विचारतात. हे पाचशे किलो मागच्या अॅक्सलवर गेले तर प्रत्येक टायरवर १२०० किलो येतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार आहे. पण दंड पावती फाडून भरता येतो, घाटात फुटलेल्या टायरचा हिशेब वेगळा असतो.

३. टायर फुटतो कशाने?

बहुतेकांना वाटतं, खिळ्याने किंवा दगडाने. खरा शत्रू उष्णता. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो आणि वर गेला की परत गोल होतो. या दबण्या-उठण्यात रबर सगळी ऊर्जा परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून आत ठेवतं. हाच आपला हिस्टेरेसिस. चुंबकाच्या धड्यात आलेला तोच शब्द, इथे रबराच्या अंगाने.

किती वेळा दबतो ते बघा. २१५/७५ आर १५ ची भिंत १६१ मिलिमीटर. दोन भिंती आणि ३८१ मिलिमीटरचं रिम मिळून व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर, परीघ २.२१ मीटर. शंभर किलोमीटरच्या फेरीत भिंतीचा प्रत्येक भाग पंचेचाळीस हजारांहून जास्त वेळा मुडपतो. वजन जास्त किंवा हवा कमी असली की प्रत्येक वेळी जास्त मुडपतो आणि जास्त तापतो. रबर आणि आतल्या दोऱ्यांचा चिकटा सुटत जातो. एक दिवस खड्डा निमित्त होतो, एवढंच.

४. रस्ता कुठला, नक्षी कुठली?

टायरच्या नक्षीचे ढोबळमानाने तीन प्रकार. हायवे टायरला लांब सलग पट्ट्या असतात, त्याला आपले चालक 'रिब' म्हणतात. मड टायरला मोठे सुटे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा. ऑल-टेरेन या दोघांच्या मधला.

मड टायर दिसतो दणकट, पण डांबरावर त्याचं थोडं रबरच जमिनीला टेकतं. ठोकळे डुलतात, तापतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतात. म्हणून आधी स्वतःला विचारा : माझ्या शंभर किलोमीटरांपैकी कच्चे किती?

ठाणे-डोंबिवलीत किराणा आणि सिलिंडर पोचवणाऱ्या गाडीला काँक्रीट, डांबर, पेव्हर ब्लॉक आणि खड्डे एवढंच भेटतं. तिला चांगला एलटी हायवे टायर पुरेसा. ओतूर-माळशेज-मुरबाड-कल्याण करणाऱ्या गाडीला बहुतेक रस्ता पक्का, पण शेताच्या बांधापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर चिखलाचे. ती अडकते तिथेच. तिला मागे ऑल-टेरेन आणि पुढे रिब ही जोडी चालते. मात्र पुढच्या दोन्ही बाजूंना एकसारखे आणि मागच्या दोन्ही बाजूंना एकसारखे टायर हवेत. खदानीत रोज जाणाऱ्या गाडीनेच मड टायरचा विचार करावा.

आपल्याकडच्या खड्ड्यांनी टायरचा तळ सहसा मरत नाही, भिंत मरते. रेडियल टायरच्या तळाखाली पोलादी पट्टे असतात, पण भिंतीत मोजकेच थर. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची कड लागली की भिंत कड आणि रिम यांच्यात चिमटते, आतले दोरे तुटतात आणि 'फुगा' येतो. फुग्याला इलाज नाही, टायर बदलायचा. म्हणून खड्ड्यांच्या रस्त्यासाठी उंच भिंतीचा आणि शक्य असेल तर भिंतीत जादा थर असलेला टायर बघावा. 'छोटा हत्ती' म्हणून सगळ्यांना माहीत असलेल्या, २००५ साली आलेल्या गाडीचं चाक बारा इंची. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं, तेव्हा तिच्या चालकाने हे दुप्पट लक्षात ठेवावं.

जुने लोक अजून नायलॉनच्या आडव्या-तिरप्या थरांच्या टायरची बाजू घेतात. त्याची भिंत जाड असते आणि दगडाचा काप ती सोसते, हे खरं. पण तो जास्त तापतो आणि लवकर झिजतो. लांब पल्ल्याला रेडियलच बरा. एकाच अॅक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल हे तर कधीच नको.

५. "मोठा टायर बसवू का?"

बसतो म्हणून बसवू नका. २१५ च्या जागी २३५/७५ आर १५ लावला तर व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होतो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त वाढ. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टने जात असेल. चढावर इंजिनाला ओढ कमी पडेल, ब्रेकला काम जास्त. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला साइजच घ्यावा आणि ताकद हवी तर लोड इंडेक्स वाढवावा.

६. हवा : फुकटातला विमा

टायर वजन पेलत नाही, आतली हवा पेलते. लोड इंडेक्सचं पूर्ण वजन पूर्ण दाबालाच लागू असतं. हवा कमी, तर क्षमताही कमी. उलट, टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर हवा भरून क्षमता वाढत नाही. काकांनी नेमकं तेच केलं होतं.

दुसरी चूक जवळपास प्रत्येक चालक करतो. घाट उतरून आल्यावर हवा तपासतो, काटा जास्त दाखवतो, मग हवा सोडतो! आता बारावीचं फिजिक्स आठवा. सकाळी २५ अंशाला ५० पौंड हवा भरली. वातावरणाचे १४.७ मिळवून निरपेक्ष दाब ६४.७. टायर ६० अंशांपर्यंत तापला, म्हणजे केल्विनमध्ये २९८ वरून ३३३. दाब ७२.३ होतो आणि काटा ५७.६ दाखवतो. हे वाढलेले साडेसात पौंड नैसर्गिक आहेत. ते सोडले तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये जेमतेम ४३ पौंड उरतात. कमी हवेने टायर आणखी तापतो, काका आणखी हवा सोडतात. हवा तपासायची ती सकाळी, गाडी निघण्याआधी, थंड टायरची.

७. व्हर्नियर घ्या आणि मोजा

वर्कशॉपमधल्या व्हर्नियरची मागची पट्टी शेवटी उपयोगाला येईल! खाचेची खोली तिने मोजता येते. समजा नव्या टायरची खोली ११ मिलिमीटर होती आणि दहा हजार किलोमीटरनंतर ९.२ झाली. म्हणजे झीज १.८. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची मर्यादा दाखवतात. वापरता येणारं रबर ९.४, आयुष्य सुमारे बावन्न हजार किलोमीटर. टायर ७८०० रुपयांचा असेल तर किलोमीटरला १५ पैसे. दुकानात किमतीची तुलना अशी करावी. पण पावसाळ्यात घाट करणाऱ्याने १.६ ची वाट बघू नये, ३ मिलिमीटरलाच बदलावा. पाणी बाहेर काढायला खाच उरली नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो.

झीज बोलतेही. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. मधला भाग झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट करा.

८. दुकानात जाताना

• 'एलटी' आहे का आणि लोड इंडेक्स आपल्या हिशेबात बसतो का, ते बघा.
• आयएसआय खुणेजवळचा आकडा वाचा. मालवाहू गाडीच्या टायरचं मानक १५६३६, प्रवासी कारच्या टायरचं १५६३३.
• चार आकड्यांची तारीख शोधा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात जुना झालेला टायर नवा म्हणून घेऊ नका.
• रिमोल्ड केलेला टायर पुढच्या चाकांना लावू नका.
• स्टेपनी त्याच साइजची आणि त्याच ताकदीची असू द्या, आणि तिचीही हवा तपासा.

काकांनी मागे दोन एलटी टायर घेतले. आधीच्यापेक्षा ते दिसायला साधे आहेत, खाचाही कमी खोल. आमच्यातल्या एकाने जुनं प्रेशर गेज दुरुस्त करून त्यांना दिलं. आता सकाळी माल उतरवताना काका आम्हाला हाक मारून दाब सांगतात, जणू व्हायव्हाच चालू आहे. भाजी मात्र अजूनही फ्लॉवर-बटाट्याचीच येते. त्यावर इंजिनिअरिंगमध्ये उपाय सापडलेला नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, गावी, मामा-काकांकडे पिकअप आहे. तिच्या हप्त्यांवर कुणाची तरी फी भरली जाते. सुट्टीत घरी जाल तेव्हा पाच मिनिटं काढा, गाडीपाशी उकिडवं बसा आणि टायरवरची ती एक ओळ वाचा.