तीर-कामठी, फालिया आणि एक अपुरा हिशेब

कन्नड जाणणाऱ्या वाचकाला 'बिल्लु' म्हणजे धनुष्य हे सांगावयास नको. पावसाळ्यात आकाशात उमटणाऱ्या कमानीला मराठी माणूस इंद्राचे धनुष्य म्हणतो, तर कन्नड माणूस 'कामनबिल्लु', म्हणजे कामदेवाचे धनुष्य. मालक बदलला, वस्तू तीच. गंमत अशी की, आपल्यापासून इतक्या दूर, नर्मदेच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत राहणाऱ्या भिल्ल जमातीच्या नावाचे मूळही पुष्कळ अभ्यासक याच द्राविडी शब्दात शोधतात. ज्यांची बोली आज गुजराती-राजस्थानीला जवळची आहे, त्यांचे नाव आपल्या बिल्लुवरून पडलेले असावे, ही कल्पना मला फार आवडली. प्रस्तुत लेखाचा विषय तिथूनच सुचला.

माझी मावशी इंदूरला असते. काकांचे सिमरोल येथे बांधकाम साहित्याचे दुकान आहे. सिमरोल हे इंदूर-खंडवा रस्त्यावरील महू तहसिलीतील गाव. येथे माळव्याचे पठार संपत येते; घाट उतरला की चोरल नदीचे खोरे, आणि पुढे बडवाहजवळ नर्मदा. गावालगत आय.आय.टी.चे विस्तीर्ण आवार झाल्यापासून सिमेंट-सळईला गिऱ्हाईक वाढले, असे काका सांगतात. गेल्या दिवाळीच्या सुटीत तीन आठवडे मी तेथे होतो. आसपासच्या पाड्यांवर भिल्ल आणि भिलाला कुटुंबे आहेत. दुकानात हमालीला येणाऱ्या एका तरुणामुळे त्याच्या आजोबांची ओळख झाली. ते तीर-कामठी करतात. आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने मी त्यांना नुसते 'बाबा' म्हणेन. ते मला 'बेटा' म्हणत आणि माझ्या हिंदीला हसत.

'कामठी' म्हणजे बांबूचे धनुष्य. आपल्याकडे 'तिरकमठा' हा शब्द आहेच, आणि पतंगाला ताण देणारी जी बांबूची काडी तिलाही आपण कामटीच म्हणतो. म्हणजे प्रत्येकाने लहानपणी एक छोटेसे धनुष्य कागदाला चिकटवलेले असते. बांबूचे वैशिष्ट्य असे की त्याचे बळकट तंतू सालीकडे दाट आणि आतल्या अंगास विरळ असतात. धनुष्य वाकले की त्याची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते. हा दुहेरी भार सोसून परत सरळ होण्याची ताकद फार थोड्या वस्तूंत असते. बाबा जून वेळू निवडतात, सावलीत वाळवतात, उभा चिरतात, आणि मग सुरीने तासत बसतात. तासणे हेच खरे काम. मधल्या मुठीपासून दोन्ही टोकांकडे जाडी सारखी कमी होत गेली पाहिजे. एका हाताला अधिक गेली की तीर दरवेळी वाकडा जातो. ते थोडे तासतात, वाकवून पाहतात, पुन्हा थोडे तासतात. डोळ्यांपेक्षा तळहातावर त्यांचा विश्वास जास्त.

मला सर्वांत नवल वाटले ते दोरीचे. प्रत्यंचा म्हटली की आपल्यापुढे सूत, ताग वा तात येते. भिल्ल धनुष्याची दोरी ही दोरी नसतेच. ती बांबूच्याच सालीची एक लांब, चिवट पट्टी असते. तिच्या टोकांना फास बांधून ती कामठीच्या खाचांत अडकवतात. अशी पट्टी फारशी ताणत नाही, म्हणून वाकलेल्या बांबूचे बळ दोरी ताणण्यात वाया न जाता तिराला मिळते. धनुष्यही बांबूचे आणि दोरीही बांबूची. एका झाडावर सगळा कारखाना!

या दोरीला कन्नडमध्ये 'हेदे' म्हणतात, तिराला 'अंबु', भात्याला 'बत्तळिके'. हे शब्द मी बाबांना ऐकवले. 'अंबु' त्यांना मुळीच पटला नाही. "बिल्लु ठीक आहे," म्हणाले.

धनुष्य किती कडक आहे हे मोजण्याची एक सोपी रीत आहे, ती वाचकांनी करून पाहावी. कामठी मुठीशी आडवी धरून पक्क्या खुंटीला टांगावी, दोरीच्या मध्यावर रिकामी बादली अडकवावी, आणि दोरी तिराच्या लांबीइतकी खाली येईपर्यंत बादलीत लिटराच्या मापाने पाणी ओतीत जावे. जितके लिटर तितके किलो, अधिक बादलीचे वजन, हा त्या धनुष्याचा ताण. प्रत्येक लिटरमागे दोरी किती खाली आली याची नोंद ठेवून आलेख काढला, तर आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा. भौतिकशास्त्राच्या मित्रांना हे नवे नाही. आम्हा वाणिज्य शाखेच्या मंडळींना मात्र ठेव आणि परतावा यांची आठवण झाली: ठेवलेले सगळे परत मिळत नाही, काही भाग धनुष्याचे हातच पुढे हलण्यात खर्ची पडतो. म्हणून टोके हलकी ठेवतात.

तिरासाठी बोरू किंवा बारीक बांबू घेतात. मागे पिसे बांधतात. ती वाऱ्याला अडतात व शेपटी मागेच राहते, त्यामुळे टोक पुढे. लोखंडी पात्याचे प्रकार कामाप्रमाणे. मोठ्या जनावरासाठी धारदार पाते, पाखरासाठी बोथट टोक, कारण पाखराला फक्त धक्का पुरतो. माशाचा तीर तर अभियंत्याने पाहावा असा: मासा लागताच पाते काडीतून सुटते, पण लांब दोऱ्याने काडीला जोडलेले राहते, काडी पाण्यावर तरंगते आणि मासा कोठे पळाला ते सांगते.

भिल्ल तिरंदाज अंगठा न लावता तर्जनी व मध्यमा या दोन बोटांनी दोरी ओढतात. एकलव्याच्या अंगठ्याचा मान म्हणून, असे सांगतात. याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. युरोपात आणि आजच्या ऑलिंपिक स्पर्धांतही दोरी बोटांनीच ओढतात. अंगठ्याने ओढण्याची रीत मुख्यतः मंगोल, तुर्क यांची. तेव्हा ही पद्धत कथेच्या आधीचीही असू शकेल. परंतु बाबांपुढे मी हे बोललो नाही. एखाद्या समाजाने अन्यायाची आठवण बोटांत जपून ठेवली असेल, तर तेथे आपण आलेख काढू नये.

आता फालियाविषयी. हे लांब दांड्याचे, रुंद व वाकड्या पात्याचे हत्यार. फांदी छाटणे, काटेरी कुंपण करणे, बांबू तोडणे, सगळे त्यानेच. भिल्ल वस्तीच्या पाड्यालाही जवळजवळ याच उच्चाराने 'फलिया' म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवशी "वरच्या फलियात जा" हे ऐकून मी जरा चमकलो! पाते लोहार करतो, बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे. ते पोलाद चांगले असते. लाल करून ठोकायचे, मग पाण्यात बुडवून कडक करायचे, मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. याला आपल्याकडे 'पाणी देणे' म्हणतात. माणसाचे 'पाणी जोखणे' हेही याच भट्टीतून आले असावे. फालिया सिमरोलला घरोघर आहे. त्याला शेतीचा आधार आहे, म्हणून तो टिकेल. कामठीचे तसे नाही.

कामठीचे वय केवढे? भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहाचित्रांत धनुष्यधारी शिकारी आहेत. ही चित्रे १९५७ साली जगापुढे आणली ती विष्णू श्रीधर वाकणकर या उज्जैनच्या मराठी संशोधकाने, आणि २००३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरविले. याच डोंगरांतून ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्ल इंग्रजांच्या फौजेशी लढले. सिमरोलपासून फार दूर नसलेल्या पाताळपाणीशी तंट्या भिल्लाचे नाव जोडलेले आहे. त्याला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी दिले.

आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना येथे मुधोळजवळचे हलगली आठवेल. १८५७ साली सरकारने हत्यारे जमा करण्याचा कायदा केला, तेव्हा हलगलीच्या बेडरांनी ती देण्यास नकार दिला आणि गावावर फौज आली. शिकाऱ्याकडून हत्यार मागणे म्हणजे शेतकऱ्याकडून नांगर मागण्यासारखे होते, हे त्या अधिकाऱ्यांना उमगले नाही.

आजचा कायदा वेगळ्या कारणाने आहे आणि तो मला योग्य वाटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंद केली. त्यातील 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्य-बाण, सुरे, जाळी, फासे, विषही येतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे धारदार शस्त्रांत मोडतात, मात्र घरगुती व शेतीकामासाठी बनविलेली हत्यारे वगळली आहेत. या वगळण्यावरच फालिया जगतो. बाबा तरुणपणी वडिलांबरोबर रानात गेले होते, पुढे नाही. "जनावरच उरले नाही, कायदा कशाला?" असे ते म्हणतात. मी म्हणेन, उरले नाही म्हणूनच कायदा. येथे आमचे जमले नाही.

माझ्या मनात खरा प्रश्न दुसराच आहे. परिव्यय लेखांकन या विषयाचा अभ्यास म्हणून मी एका कामठीचा आणि पाच तिरांचा परिव्यय काढावयास बसलो. प्रत्यक्ष साहित्य: बांबू, पिसे, दोरा, लोखंड. हे लगेच लिहून झाले. प्रत्यक्ष श्रम: येथे पेन अडले. बाबा दिवस मोजत नाहीत. शिवाय पाड्यातील माणसाकडून ते पैसे घेत नाहीत. त्याने कधीतरी कुडाला हात लावलेला असतो, किंवा पुढे लावील. इंदूरच्या दुकानदाराकडून घेतात, पण तो दिवाणखान्यात टांगण्यासाठी रंगीत गोंडे लावलेले, बोथट पात्याचे तीर मागतो, आणि ते ओढून पाहिले तर कामठी मोडेल इतकी पातळ असते. बाजारात किंमत आहे ती न चालणाऱ्या धनुष्याला. चालणाऱ्याला किंमतच नाही, कारण ते विकले जात नाही.

आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या सान लोकांविषयी मी वाचले होते. तेथे शिकारी आपापसांत तीर देत-घेत असतात, आणि ज्याच्या तिराने जनावर पडले, त्या तिराच्या मालकाकडे मांस वाटण्याचा मान जातो, मग तो स्वतः रानात गेला नसला तरी! म्हातारा, लंगडा, आजारी, सर्वांचा तीर कोणाच्या तरी भात्यात असतो. भागीदारीचा इतका शहाणा करार आमच्या क्रमिक पुस्तकात नाही.

ज्ञान हस्तांतरित होण्याचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेत १९११ साली इशी नावाचा याही जमातीचा शेवटचा माणूस एकटा गोऱ्या वस्तीत आला. सॅक्स्टन पोप या डॉक्टराने त्याच्याकडून धनुष्य करणे व शिकार शिकून घेतले, आणि १९२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. इशी १९१६ सालीच वारला. त्या देशात आज धनुष्याने शिकार करणाऱ्या शौकिनांची जी परंपरा आहे, तिच्या मुळाशी हा एक एकाकी मनुष्य आहे. आपल्याकडे राजस्थानच्या आदिवासी लिंबारामने बांबूच्या धनुष्यावर हात बसवला आणि १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. पण त्यात नेमबाजी पुढे गेली, तासणे मागेच राहिले. स्पर्धेचे धनुष्य कारखान्यात होते.

बाबांचा नातू सळया उचलतो, संध्याकाळी मोबाईलवर क्रिकेट पाहतो. तीर त्याला उत्तम मारता येतो, कामठी करता येत नाही. मी निघण्याच्या आधीच्या दिवशी बाबांनी त्याला शेजारी बसवून एक पट्टी तासावयास दिली. ती मोडली. दुसरी दिली.

माझा परिव्ययाचा तक्ता मी पूर्ण करून नेला होता, श्रमाचा रकाना तेवढा कोरा. सवयीप्रमाणे घरातील साहित्याची यादीही केली: दोन कामठ्या, एक फालिया, एक सुरी, भिंतीवरच्या भात्यात सात तीर. यादी वाचून दाखविली तेव्हा बाबांनी बोट वर केले. सातांपैकी तीन त्यांचे नव्हते. घाटाखालच्या एका मित्राने कधीकाळी दिलेले. मित्र वारला, त्याचा मुलगा पीथमपूरला कारखान्यात असतो, बरीच वर्षे इकडे आला नाही. "त्याचे आहेत. आला की द्यायचे," बाबा म्हणाले. मी ते तीन तीर मालमत्तेतून काढून देण्यांच्या बाजूस लिहिले.