मूत्रपिंडाचे रुग्ण आणि चीज

लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी या गोवंशांच्या आपल्या प्रदेशात ‘दूधदुभते मोजून खा’ असे रुग्णास सांगणे जिवावर येते. तथापि, गतवर्षी एका सन्माननीय दात्यांनी नातवाच्या वाढदिवसानिमित्त डायलिसिस विभागात वाटण्यासाठी चीज सँडविच आणले, तेव्हा आम्हांस ते सविनय परत करावे लागले. त्याचे कारण येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

बाजारातील प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मीठ तर असतेच. २० ग्रॅमच्या एका चकतीतून सुमारे पाव ग्रॅम सोडियम पोटात जाते. त्याहून घातक म्हणजे चीज मऊ व एकजीव राहावे म्हणून घातलेले फॉस्फेटचे क्षार. दूध-डाळींतील फॉस्फरस अंशतःच शोषला जातो; हा मात्र बहुतांशी रक्तात उतरतो आणि चार तासांच्या डायलिसिसनेही पुरेसा निघत नाही. परिणामी अंगास खाज सुटते, हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कठीण बनतात. वेष्टनावर ३३९, ४५० वा ४५२ हे क्रमांक दिसल्यास ते फॉस्फेटच समजावे. (वाणिज्य शाखेच्या आम्हांस आकडे तेवढे वाचता येतात!)

लिंबू पिळून घरी केलेल्या पनीरमध्ये मीठ नसते, प्रथिने मात्र भरपूर असतात; डायलिसिसवरील रुग्णांस ती अधिक लागतात. फॉस्फरस त्यातही आहेच. म्हणून प्रमाण आहारतज्ज्ञांनी ठरवावे आणि फॉस्फरस रोखणारी गोळी जेवणासोबतच घ्यावी. डायलिसिस सुरू न झालेल्यांना प्रथिनेही बेतानेच.

त्याच दात्यांनी पुढे तेवढी रक्कम डायलिसिस निधीस दिली, याची साभार नोंद घेतो.