बिळाला झाकण लावणारा कोळी

कोळी म्हटला की डोळ्यांपुढे जाळे येते. परंतु सर्वच कोळी जाळे विणून भक्ष्य पकडत नाहीत. काही कोळी जमिनीत बीळ खणतात आणि त्याच्या तोंडाला बिजागरीसारखे उघडमीट होणारे झाकण लावतात. त्यांना 'ट्रॅपडोअर स्पायडर' म्हणतात. त्यांच्या इडिओपिडी कुळातील इडिओप्स बॉम्बेएन्सिस ही जाती मुंबईचे नाव धारण करते. २००५ मध्ये मंजू सिलीवाल, संजय मोलूर व बी. के. बिस्वास यांनी तिला हे नाव दिले.

या कोळ्यांच्या जबड्यांवर राठ काट्यांची रांग असते. तिच्या साहाय्याने माती उकरली जाते. बिळाला आतून रेशमाचे अस्तर असते. झाकणही माती व रेशीम यांचेच असते. त्यावर शेवाळ, पालापाचोळा चिकटल्यामुळे ते भोवतालच्या जमिनीत बेमालूम मिसळते. रात्री मादी झाकणाआड दबा धरून बसते आणि किड्याच्या चालीची कंपने जाणवताच झडप घालते. शत्रू आल्यास ती झाकण आतून घट्ट ओढून धरते.

घट्ट मातीचे उतार, ओढ्यांचे काठ आणि पायवाटेकडेच्या दरडी हे या कोळ्यांचे आवडते अधिवास होत. मादी बहुधा आयुष्यभर एकाच बिळात राहते. प्रौढ नर मात्र जोडीदाराच्या शोधात बाहेर पडतो. पिल्ले सहसा फार दूर जात नाहीत. याच कुळातील एका ऑस्ट्रेलियन मादीचे निरीक्षण १९७४ पासून होत होते. २०१६ मध्ये ती मरण पावली, तेव्हा तिचे वय ४३ वर्षे होते. तिचा अंत वार्धक्याने नव्हे, तर परजीवी गांधीलमाशीमुळे झाला असावा, असे संशोधकांचे मत आहे.

दीर्घायुष्य आणि एकाच जागी वास्तव्य हेच या कोळ्यांचे दुबळेपणही आहे. रस्ता रुंदीकरणासाठी दरड तासली, उतारावर काँक्रीट ओतले किंवा वृक्षारोपणासाठी सरसकट चर खणले, तर संपूर्ण वसाहत नष्ट होऊ शकते. आणि शेजारून नवे कोळी येऊन ती जागा लवकर भरून निघत नाही. उघडा मातीचा उतार पडीक दिसला तरी निर्जीव नसतो.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. वृक्ष, पक्षी आणि औषधी वनस्पतींबरोबरच अशा दरडींचीही त्यात नोंद झाली, तर काम सुरू होण्यापूर्वीच त्यांचा विचार करता येईल. विकासाच्या आराखड्यात मातीखालच्या या रहिवाशालाही स्थान मिळावयास हवे.