ब्रेक आणि घर्षण : डिस्क-पॅड निवडताना

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, घर्षण शिकवताना मुलांना आधी तळहात जोरात चोळायला सांगा. हात गरम होतात. ब्रेकचंही तेच! पॅड डिस्कला घासतात आणि गतिज ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर होतं. वेग ताशी 30 वरून 60 कि.मी. झाला की ही ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. शिरूरजवळ नगर रस्त्यावर किंवा दौंडकडे सोलापूर रस्त्यावर पुढे अचानक उसाची ट्रॉली आली, तर हेच गणित जिवावर बेततं.

मग पॅड कोणते घ्यायचे? ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, आवाज कमी करतात. पण फार तापले की पकड कमी होते. सिंटर्ड पॅड उष्णता सोसतात, पण डिस्क लवकर झिजवतात. रेसचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, म्हणून रोजच्या रस्त्याला ते नकोत. वेगवान कारला मधून हवा खेळणारी डिस्क असते, ती लवकर थंड होते. कंपनीने सांगितलेलाच प्रकार घ्या.

गृहपाठ : डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मुलांना घरच्या गाडीवरचा तो आकडा शोधून वहीत लिहायला सांगा. गाडी थंड असतानाच हं!