गाडीला टाकी हवी, तीही परवडणारी!

गाडीचा कुठला भाग गेला की खिशाला सर्वात जास्त चाट बसते? इंजिन, असं बहुतेक जण म्हणतील. पण इंजिनाचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात. खरी पंचाईत होते ती पेट्रोलच्या टाकीची, आणि त्यातही गाडी 'कस्टम' केलेली असेल तर विचारूच नका.

माझी गाडी आहे कार्बोरेटरवाली जुनी स्प्लेंडर. होस्टेलमधला एक सिनियर पास आऊट होऊन गेला, जाताना माझ्या गळ्यात बांधून गेला. त्याने हँडल खाली घेतलं होतं, सीट सपाट केली होती आणि मूळ टाकी विकून तिच्या जागी यामाहा आरएक्स १०० ची टाकी पट्ट्या मारून बसवली होती. चॅसिसला मात्र हात लावला नव्हता, एवढं त्याचं पुण्य. मागच्या पावसाळ्यानंतर ही टाकी खालच्या जोडाला पाझरायला लागली. थेंब पडत होता तो थेट गरम इंजिनावर. अंबरनाथ पूर्वेहून रोज कॉलेजला याच गाडीवर यायचं, म्हणजे प्रश्न शोभेचा राहिला नाही, जिवाचा झाला. महिनाभर टाकी शोधताना जे शिकलो ते इथे क्रमाने देतो. (टीप : २०२० पासूनच्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो. हा धडा त्यांच्यासाठी नाही.)

१. 'वेल्डिंग मारून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करा

पहिला सल्ला सगळ्यांकडून हाच येतो. "भाऊ, टाकी रिकामी कर, दोन टाके मारून देतो, शंभर-दीडशेत काम." मी टाकी उचलली आणि निघालो. का, ते गणितानेच बघू.

पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने भडका उडतो. टाकी १० लिटरची धरा. १.४ टक्के म्हणजे १४० मिलिलिटर वाफ. आता १ मिलिलिटर पेट्रोलची वाफ होते अंदाजे १८० मिलिलिटर. म्हणजे टाकीत एक मिलिलिटरसुद्धा पेट्रोल लागत नाही! चहाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा असतो, एवढ्यावरून कल्पना करा. तेवढं पेट्रोल तर जोडाच्या फटीत आणि गंजाच्या थरातच लपून बसतं. भरलेल्या टाकीपेक्षा 'रिकामी' टाकी जास्त घातक असते ती यामुळे. टाकी नीट धुऊन, वाफ पूर्ण घालवून झाळकाम करणारे जाणकार कारागीर आहेत, पण ते काम शंभर-दीडशेत होत नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये तर हा प्रयोग कुणीही करू नये. एपॉक्सीचा लगदा लावणं म्हणजे घरी पोचेपर्यंतची सोय, दुरुस्ती नव्हे.

२. पर्याय कोणकोणते?

पहिला, आरएक्स १०० चीच दुसरी टाकी. पण या गाडीचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं आणि चाहते मात्र वाढतच गेले. त्यामुळे अस्सल टाकीचा भाव ऐकूनच गप्प बसलो.

दुसरा, नवी पण डुप्लिकेट टाकी. त्यासाठी उल्हासनगर गाठलं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. शून्यातून उद्योग उभे करणारं हे गाव. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जुना विनोद तुम्हीही ऐकला असेल. विनोद सोडा, डुप्लिकेट म्हणजे वाईटच असं नाही. फक्त पत्र्याची जाडी, जोड आणि आतला लेप स्वतः तपासावा लागतो. दुकानदार काका प्रामाणिक निघाले. म्हणाले, "बेटा, दिसायला ही सेम आहे, पण तुझ्या फ्रेमवर बसेल याची गॅरंटी मी देणार नाही."

तिसरा, पत्रा ठोकून हाताने बनवलेली टाकी. आमच्याकडे आनंदनगर एमआयडीसी आहे, पत्र्याचं काम जाणणारे लोक आहेत. पण एकाच नगासाठी साचा, मजुरी आणि गळती तपासणी असा सगळा खर्च एकट्यावर पडतो. कारखान्यात तोच साचा लाखो नगांवर वाटला जातो. प्रॉडक्शनच्या पेपरात हे आपण लिहितो, अनुभव असा येतो.

चौथा, फायबरची टाकी. हलकी आणि स्वस्त. पण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमुळे साध्या पॉलिएस्टर रेझिनचं फायबर मऊ पडू शकतं. सुटलेला चिकट अंश जातो कार्बोरेटरमध्ये. हा पर्याय मी तिथेच सोडला.

३. स्वस्त म्हणजे काय?

इथे डोक्यात प्रकाश पडला. किंमत टाकीची नसते, टाकी गाडीवर 'बसण्याची' असते. माझी फ्रेम स्प्लेंडरची, तिच्यावर पुढचे रबर आणि मागचा बोल्ट यांच्या मूळ जागा शाबूत होत्या. ज्या गाडीचे भाऊबंद रस्त्यावर जास्त, तिचा भाग स्वस्त. स्प्लेंडरइतके भाऊबंद कुणाचे आहेत? म्हणजे सगळ्यात परवडणारी टाकी होती ती सिनियरने विकून टाकलेली, साधी, मूळ धाटणीची टाकी! वेगळं दिसण्याची हौस रंगावर भागवता येते.

कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार आणि मुंबईचा चोरबाजार प्रसिद्ध आहेतच. पण पेट्रोलचा वास मारणारी टाकी लोकलमध्ये आणू नका, ज्वलनशील माल गाडीत नेणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. मला टाकी मिळाली ती घराजवळच, एका गॅरेजच्या मागच्या ढिगात. चॅसिसला आणि इंजिनाला नंबर असतो, टाकीला नसतो, म्हणून चोरीचा माल ओळखणं कठीण. साधी का होईना, पावती घ्या. 'पावती कशाला?' असं विचारणाऱ्याकडून टाकी घेऊ नका.

४. घेण्याआधी तपासा

(अ) मापं : पुठ्ठ्याचा साचा कापा. फ्रेमची मधली नळी टाकीच्या पोटातल्या बोगद्यात मोकळी बसली पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून अंगठा टाकीला लागत नाही ना, बघा. १० लिटर पेट्रोलचं वजनच साडेसात किलोच्या आसपास. हा भार रबरावर यायला हवा, एकट्या बोल्टवर नव्हे.

(आ) चुंबक : टाकीभर फिरवा. जिथे पकड ढिली, तिथे रंगाखाली पुट्टी आहे. खालचा जोड आणि मागचा कोपरा आधी बघा, पाणी तिथेच साचतं.

(इ) गळती : काठोकाठ पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. कॉम्प्रेसरची हवा भरू नका. एक बार दाबाने ५०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर सुमारे ५०० किलोचा भार येतो, पातळ पत्रा फुगणारच.

(ई) झाकण : झाकणाचं हवेचं भोक उघडं हवं. ते बुजलं तर आत निर्वात तयार होतो आणि गाडी थोडं अंतर जाऊन बंद पडते. लोक मात्र कार्बोरेटर खोलत बसतात!

५. सफाई आणि जोडणी

आत हलका गंज असेल तर पाच टक्के सायट्रिक ॲसिडचं पाणी, म्हणजे १० लिटरला अर्धा किलो, रात्रभर भरून ठेवा. सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. लगेच आतून थोडं इंजिन ऑइल फिरवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर धरतो. सुरुवातीचं गढूळ, पेट्रोलमिश्रित पाणी गटारात ओतू नका. आमच्याकडचं गटार शेवटी वालधुनीला मिळतं. शिवमंदिराच्या पायथ्याशी वाहणाऱ्या त्या नदीने आधीच पुष्कळ सोसलं आहे. मी ते डब्यात बंद करून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपाशी नेऊन दिलं.

जोडणीनंतर प्रवाह तपासा. ताशी ६० किलोमीटर वेग आणि लिटरला ६० चं ॲव्हरेज धरलं तर इंजिनाला तासाला १ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण १७ मिलिलिटर पेट्रोल लागतं. कॉकमधून याच्या कितीतरी पट धार सुटली पाहिजे. हे काम उघड्यावर, इंजिन गार असताना करा, आणि आसपास सिगारेट ओढणारा मित्र नको.

पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. इथेनॉल ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह तळाशी वेगळं होतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

६. कायदा आणि हिशोब

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील आणि कंपनीचं मूळ स्वरूप यांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. गाडीचा रंगही आरसीवर असतो. म्हणून मी नोंदीतला काळाच रंग ठेवला आणि वर फक्त एक बारीक पट्टा ओढला. मूळ धाटणीची टाकी घेण्याचा हा आणखी एक फायदा.

आता माझा खर्च : टाकी ९०० रुपये, कॉक व वॉशर २५०, रबर ६०, पाइप व क्लिप ८०, सायट्रिक ॲसिड व सोडा १४०, रंग ७००. एकूण २१३०. टाकीची किंमत निम्म्याहूनही कमी, हे लक्षात घ्या! सौदा करताना नुसत्या टाकीचा भाव धरून बजेट काढलंत तर महिनाअखेर मेसचे पैसे कमी पडतील.

थोडक्यात काय, तर गाडी नटवताना मूळचे भाग विकू नका, पोत्यात बांधून पलंगाखाली टाका. आणि ज्या गाडीची टाकी आज पाझरते आहे, तिला आजच कॉक बंद करून उभी करा. ती होस्टेलच्या जिन्याखाली लावलेली असेल तर आधी तिथून बाहेर काढा. वर झोपणारे आपलेच मित्र आहेत.