पाठीच्या कण्यातला दोर

आमच्या शेजारचा एक गडी नारळाच्या झाडावरून पडला. कमरेखाली पाय हलेनात. चौघांनी हातपाय धरून त्याला उचलले आणि टेंपोत घातले. त्या चौघांत आम्हीही होतो. पाठीला मार बसलेले माणूस असे उचलू नये, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याला हलवू नये, १०८ ला फोन करावा. हलवणे भागच पडले तर मान व पाठ न वाकवता फळीवर सरळ निजवून न्यावे.

कण्याच्या मण्यांमधून एक दोर खाली जातो. करंगळीएवढा जाड, हातभर लांब. त्याला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूचा हुकूम याच दोरातून पायांना पोचतो. पायात काटा रुतला, ही खबर याच दोरातून वर येते. दोर दुखावला की पाय शाबूत असूनही हलत नाहीत.

हा दोर हाडासारखा सांधत नाही. मग सारे संपले काय? नाही. पुष्कळदा काही तंतू शाबूत राहतात. पुरात ओढ्यावरचा साकव वाहून गेला, तर माणसे वरच्या अंगाने जातात. रोज पाय पडले की तिथे वाट मळते. तंतूंचेही तसेच. त्यांना नवे फाटे फुटतात, नवे जोड जुळतात. पण वापर हवा.

आणखी नवल म्हणजे, चालण्याची थोडी अक्कल खुद्द या दोरातच असते. शास्त्रज्ञांनी दोर तुटलेल्या मांजरांना फिरत्या पट्ट्यावर रोज चालवले. काही आठवड्यांनी त्यांचे मागचे पाय पावले टाकू लागले. ज्यांना नुसते उभे राहायला शिकवले, ती उभी राहिली, पण चालण्यात कच्ची. जे गिरवले तेच आले. तुम्हांला 'ग' कसा आला, ते आठवा.

अमेरिकेत २००६ साली मोटारीच्या अपघातात एका तरुणाचे छातीखालचे अंग गेले. दोन वर्षांहून अधिक सराव झाला, तरी पाय उठेनात. २००९ साली डॉक्टरांनी त्याच्या मज्जारज्जूवर विजेची बारीक पट्टी बसवली. मंद वीज आणि सराव मिळून तो चार मिनिटे स्वतःच्या पायांवर उभा राहिला. पुढे मनात आणून पायाची बोटे हलवू लागला. मात्र वीज चालू असेतोवरच.

सगळ्यांचे पाय परत येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. खात्रीने चालवतो म्हणून पैसे उकळणारे भेटतात, त्यांना दारातूनच वाटेला लावा.

आमच्या शेजाऱ्याचा अंगठा तिसऱ्या महिन्यात हलला. तोवर त्याची कारभारीण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याला कुशीवर वळवी. नाहीतर पाठीला जखमा पडतात. डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम तीच करवून घेई. आता तो काठी टेकत गोठ्यापर्यंत जातो. डावा पाय अजून ओढतो.