कापसाखालची सुई

कॅज्युअल्टीतल्या किडनी ट्रेमधला कापूस उचलला आणि मधल्या बोटात कचकन टोचलं. खाली उघडी सुई होती. इंजेक्शन देऊन घाईत कुणीतरी तशीच ठेवलेली. मी ग्लोव्हज काढून बोट नळाखाली धरलं. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, दाबून रक्त काढा, वर स्पिरिट ओता." यातलं काहीच करायचं नसतं. चोखायचं तर मुळीच नाही. साबण आणि वाहतं पाणी पुरे.

इंचार्ज सिस्टरांना वेगळंच कोडं पडलं : "अगं, पण आपल्याकडे सेफ्टी सिरिंज आहेत ना?"

होत्या, पण ऑटो-डिसेबल. त्यात दट्ट्या एकदा पूर्ण दाबला की अडकतो, पुन्हा औषध भरता येत नाही. म्हणजे ती पुढच्या रुग्णाला वाचवते. सुई मात्र उघडीच राहते. आपलं, लॅबवाल्यांचं, कचरा उचलणाऱ्या मामांचं बोट वाचवणारी सिरिंज निराळी : तिची सुई वापरानंतर नळीत ओढली जाते किंवा तिच्यावर आवरण चढतं. तेव्हा 'सेफ्टी' म्हणून आलेल्या खोक्यातली एक फोडून बघाच.

आवरणवाली असेल तर ते आपल्यालाच सरकवावं लागतं, तेही सुई बाहेर येताच, रुग्णाजवळच, त्याच हाताने, बोट सुईच्या मागे ठेवून. खटका ऐकू आला नाही तर ती उघडीच समजा. साध्या सुईला टोपण परत लावू नका. पांढरा शार्प्सचा डबा हाताशी हवा, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला नको.

टोचल्यावर आपण घाबरतो एचआयव्हीला. रुग्ण बाधित असला तरी ती लागण हजारात तिघांना होते. हिपॅटायटिस सीची शंभरात सुमारे दोघांना. बीची मात्र लस न घेतलेल्यांत शंभरात सहापासून तीस जणांपर्यंत! माझे तीन डोस झाले होते, टायटरही तपासलेला होता, म्हणून निम्मी काळजी तिथेच मिटली. तुमचा टायटर तुम्हाला माहीत आहे का? एचआयव्हीच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू कराव्यात. ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. मी लगेच सुरू केल्या, रुग्णाचा रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर डॉक्टरांनी बंद केल्या. रजिस्टरमध्ये नोंद मात्र त्याच ड्युटीत करा, ओरडा बसला तरी.

अमेरिकेत २००० साली सुया टोचण्याच्या अपघातांवर कायदा झाला. बोट वाचवणारी साधनं निवडताना प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचं मत घेणं त्यात मालकांना बंधनकारक आहे. आपल्याकडे खरेदी समितीत नर्स किती असतात, हे न बोललेलं बरं. तरी इंडेंट आपण भरतो, तेव्हा त्यात नुसतं 'सेफ्टी सिरिंज' न लिहिता 'सुई झाकली जाणारी' असं लिहा. मोजक्याच मिळाल्या तर आधी रक्त काढायला आणि शिरेतल्या कामाला ठेवा. पोकळ सुईत रक्त भरलेलं असतं तेव्हाच धोका सर्वांत मोठा.